केळकरांचा तांत्रिक खंड

मुलाच्या घराच्या गल्लीत, अगदी टोकाला, एका खांबावर पत्र्याच्या सोळा टपालपेट्या एकत्र बसवलेल्या आहेत. घरटी एक, प्रत्येकीला वेगळी किल्ली. दुपारी तीनच्या सुमाराला पोस्टाची गाडी येऊन गेली की माणसं किल्ली घेऊन निघतात. पत्रं कोणालाच येत नाहीत. येतात त्या जाहिराती, दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र आणि घराच्या आधीच्या मालकाच्या नावची बिलं. तरी माणसं जातात आणि पाऊण तास परत येत नाहीत. साताऱ्यात मी रोज संध्याकाळी राजवाड्यासमोर जाऊन बसायचो तोही काही पत्र आणायला नव्हे. त्यामुळे बेलव्ह्यूत आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी ओळखलं, की हा कट्टा आहे. फक्त टेकायची सोय नाही.

साल २०२१. नातू झाला म्हणून जानेवारीत आम्ही दोघं सिएटलजवळच्या या गावी आलो होतो. बाहेर कोविड, आत बाळंतीण, आणि आकाशातून रोज सकाळी चाळणीने गाळल्यासारखा पाऊस. मला घरात काम नव्हतं आणि असलेल्या कामात मला कोणी हात लावू देत नव्हतं. तेव्हा टपाल आणायची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस पेट्यांपाशी तिघं जण सहा-सहा फुटांवर उभे राहून मास्कमधून भांडत होते. अमेरिकन माणूस सहसा भांडत नाही. तो ‘मला वेगळं वाटतं’ म्हणतो आणि वकील करतो. हे मात्र खरं भांडण होतं, हातवारे करून. एक आमचे शेजारी, विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पोट आणि मिशा दोन्ही राखून असलेले गृहस्थ. त्यांना मी मनात ‘भाऊसाहेब’ म्हणत असे. दुसऱ्या समोरच्या बाई. शाळेत गणित शिकवायच्या आणि आता एका आळशी कुत्र्याला दिवसातून तीनदा फिरायला न्यायच्या; कुत्रा आडवा व्हायचा, बाई आकडे सांगायच्या. तिसरा एक तरुण बाप, कायम बाबागाडी ढकलत असणारा. ‘त्याला वर घ्या’, ‘अजून तयार नाही’, ‘त्याचे दिवस मोजताहेत’ अशी वाक्यं माझ्या कानावर पडली आणि मी जागच्या जागी थांबलो. ३१ वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढलेल्या माणसाला ही वाक्यं कुठल्याही भाषेत कळतात. मला वाटलं, कोणाच्या तरी बढतीचं प्रकरण आहे.

प्रकरण बढतीचंच होतं. उमेदवाराचं नाव जॅरेड केलेनिक, वय २१, मुक्काम मूळचा वॉकेशा, विस्कॉन्सिन. पद आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात उभं राहून उंच आलेले चेंडू झेलायचे आणि आपली पाळी आली की बॅट फिरवायची. २०१८च्या निवडीत देशभरातून सहावा. न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने त्याला घेतलं आणि त्याच डिसेंबरात दोन मोठ्या खेळाडूंच्या बदल्यात सिएटलच्या मरीनर्सला देऊन टाकलं. तेव्हापासून हे गाव त्याची वाट पाहत होतं. आणि संघ त्याला वर घेत नव्हता.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ही डिंकाचे लाडू वळत होती. तिने एवढंच विचारलं, “कोण, केळकर?” त्या दिवसापासून आमच्या घरात तो केळकर झाला. पुढे सूनसुद्धा ‘केळकरांची मॅच’ म्हणायला लागली.

आता हे ‘वर घेणं’ म्हणजे काय, ते सांगतो. बेसबॉलमध्ये मोठ्या लीगच्या प्रत्येक संघाच्या खाली पोरांना शिजवायला चार-पाच धाकटे संघ ठेवलेले असतात. सिएटलचा सगळ्यात वरचा धाकटा संघ टकोमा या गावी. सिएटल ते टकोमा अंतर साधारण ५० किलोमीटर, म्हणजे आपलं सातारा-कराड. पण त्या वर्षी टकोम्यात खेळाडूला आठवड्याला किमान ७०० डॉलर मिळायचे, आणि तोच सिएटलला उभा राहिला की वर्षाला किमान ५,७०,५०० डॉलर. साताऱ्यात शिपाई आणि कराडात कलेक्टर असा हा प्रकार.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती त्या बाईंनी कुत्र्याचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेत मला समजावली. मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. हंगाम असतो साधारण १८६ दिवसांचा. अशी ६ वर्षं भरली की खेळाडू मोकळा; मग तो कुठल्याही संघाकडे जाऊन हवा तो भाव मागू शकतो. त्यामुळे संघ काय करतो, तर हुशार पोराला पहिल्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला पंधरा-वीस दिवस खालीच बसवतो. कारण विचारलं तर सांगतो, “त्याचं क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे.” पंधरा-वीस दिवसांत ते आपोआप पक्कं होतं. मग वर घेतात. वर्ष १७२ दिवसांचं भरत नाही आणि संघाला तो गडी ६ ऐवजी जवळजवळ ७ वर्षं स्वस्तात वापरायला मिळतो.

२०१५ साली शिकागोच्या कब्ज संघाने क्रिस ब्रायंट नावाच्या पोराला असंच १७ एप्रिलला वर घेतलं, बाई म्हणाल्या. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१.

“किती?” मी विचारलं.

“एकशे एकाहत्तर.”

माझ्या अंगावर काटा आला. तो दुःखाचा नव्हता, व्यावसायिक होता. एका दिवसाने! त्याने रीतसर तक्रार केली आणि २०२०च्या सुरुवातीला तो हरला. हरणारच. ज्याने तो आदेश काढला त्याचं काम स्वच्छ होतं. असा कारकून आमच्या शाखेत असता तर मी त्याला तिसऱ्या वर्षी अव्वल कारकून केला असता.

“याला आमच्याकडे ‘तांत्रिक खंड’ म्हणतात,” मी म्हणालो. तिघंही माझ्याकडे पाहू लागले. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी मला काही विचारणार होतं.

मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे हंगामी माणसाला २९ दिवसांची नेमणूक द्यायची. तिसाव्या दिवशी एक दिवस घरी बसवायचा. एकतिसाव्या दिवशी नवी नेमणूक, पुन्हा २९ दिवस. मधल्या एका दिवसाचा खंड पडला की सेवा सलग राहत नाही. सलग नाही म्हणून कायम नाही. कायम नाही म्हणून रजा, वेतनवाढ, निवृत्तिवेतन, काही मागायचं नाही. माझ्या हाताखाली एक हंगामी शिपाई होता. त्याचे खंडाचे आदेश मीच काढायचो, माझ्या अक्षरात. हा गडी खंडाच्या दिवशीही दहा वाजता हजर. बाहेरच्या बाकावर बसायचा. साहेबांनी घंटी वाजवली की आतून दुसरा कोणी उठायचा नाही, कारण साहेबांच्या चहात साखर किती आणि आलं किती हे फक्त यालाच ठाऊक. मग हाच उठून चहा करून आत न्यायचा. साहेब म्हणायचे, “अरे, तू आज नाहीस ना?” तो म्हणायचा, “नाही साहेब, आज माझा खंड आहे.” आणि कप ठेवून बाहेर जाऊन बसायचा.

भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला १७१ दिवस तरी मिळाले.” मला कळेना, हे कोणाबद्दल.

तर दिवस मोजण्याची ही कुजबुज मोठ्या लीगमध्ये वर्षानुवर्षं चालू होती. सगळ्यांना माहीत होतं, सिद्ध कोणालाच करता येत नव्हतं, कारण ‘अजून तयार नाही’ या शब्दांना पुरावा लागत नाही. मग त्या फेब्रुवारीत गंमत झाली. मरीनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅथर यांनी ५ तारखेला आमच्याच बेलव्ह्यूतल्या न्याहारीवाल्या रोटरी क्लबापुढे ऑनलाइन भाषण केलं. आणि त्यात सांगून टाकलं, की तरुण पोरं तुम्हाला गेल्या वर्षी दिसणं शक्यच नव्हतं, कारण आम्हाला त्यांच्या सेवेचं घड्याळ चालू करायचं नव्हतं. केळकरांना लांब मुदतीचा करार देऊ केला होता, तो त्यांनी घेतला नाही, हेही सांगितलं. जाता जाता एका खेळाडूचं इंग्रजी काढलं, एका जपानी खेळाडूच्या दुभाष्याचा पगार काढला, एकाला जादा पगार देतोय असंही म्हणाले. हे सगळं चित्रित होत होतं. २१ तारखेला ते बाहेर आलं. २२ला साहेबांचा राजीनामा.

मला त्यांचं वाईट वाटलं. माणूस खोटं काहीच बोलला नव्हता. पण आमच्या खात्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते त्यांना कोणी शिकवलं नसावं: जे फायलीवर लिहायचं नसतं ते तोंडी सांगायचं, जे तोंडी सांगायचं नसतं ते नुसतं मान हलवून सांगायचं, आणि रोटरीत फक्त वृक्षारोपणावर बोलायचं.

मार्चभर पेट्यांपाशी दुसरा विषय नव्हता. भाऊसाहेबांचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता वर घ्या. त्यांची बाजू समजण्यासारखी होती. मरीनर्सने २००१ साली ११६ सामने जिंकले आणि त्यानंतर तोवर एकदाही बाद फेरी गाठली नव्हती. वीस वर्षं! वर्ल्ड सिरीज तर या संघाने कधी पाहिलेलीच नव्हती. एवढी वर्षं एकाच टेबलावर कुजलेला माणूस मी फक्त भांडार शाखेत पाहिला आहे. भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर होता तो केन ग्रिफी ज्युनियर, १९८९ साली १९व्या वर्षी याच संघात आलेला आउटफिल्डर, ज्याने पहिल्याच पाळीला टोला मारून दुसरा तळ गाठला होता. “१९व्या वर्षी!” ते म्हणायचे आणि टपालपेटीवर थाप मारायचे. १९८९ म्हटल्यावर मलाही राहवलं नाही. मी म्हणालो, त्याच वर्षी नोव्हेंबरात कराचीला आमचा एक १६ वर्षांचा मुलगा उभा राहिला होता. “सोळा?” भाऊसाहेब म्हणाले, “मग? पहिल्या दिवशी काय केलं त्याने?” मी म्हणालो, “पंधरा.” त्यांना वाटलं पंधरा टोले. मी दुरुस्ती केली नाही.

बाबागाडीवाल्याचं म्हणणं, घाई नको. त्याचं बाळही उशिरा रांगायला लागलं होतं. तो एकूणच घाईच्या विरोधात होता. पण त्याच्याकडे मुद्दा होता. केळकर डबल-एच्या, म्हणजे टकोम्याच्या एक पायरी खालच्या पातळीवर २०१९ साली फक्त २१ सामने खेळले होते आणि त्यावर एकही नाही. २०२०चा धाकट्या लीगचा अख्खा हंगाम साथीने गिळला होता.

आणि बाई दोघांचंही ऐकून घ्यायच्या आणि मग १९५१ काढायच्या. विली मेज, मिनियापोलिसच्या धाकट्या संघात ०.४७७च्या सरासरीने झोडपत होता, त्याला न्यूयॉर्कच्या जायंट्सने वर बोलावलं. पहिल्या १२ पाळ्यांत शून्य. मग वॉरन स्पॅनसारख्या गोलंदाजाला होमरन. त्याच वर्षी त्याच शहरात यँकीजने मिकी मँटलला वर घेतलं, मध्येच खाली पाठवलं, पुन्हा वर घेतलं. दोघंही आउटफिल्डर, दोघंही पुढे देव झाले. “मग यावरून निष्कर्ष काय?” मी विचारायचो. बाई म्हणायच्या, “नमुना लहान आहे.” गणिताच्या शिक्षकांना निष्कर्ष काढायची सवय नसते, त्यांना तो मुलांकडून काढून घ्यायची असते.

इथे एक सरासरीचं सांगायला हवं. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यश मिळालं तर तो उत्तम फलंदाज. मी ३५ टक्क्यांना पास करणाऱ्या बोर्डाचा माणूस. ३० टक्क्यांचं कौतुक करणं मला जड गेलं. याच संघाचे एडगर मार्टिनेझ म्हणून थोर फलंदाज होऊन गेले, त्यांची उभ्या कारकिर्दीची सरासरी ०.३१२. आमच्याकडे ३१.२ टक्क्यांना ऑक्टोबरला बसवायचे. इथे स्टेडियमच्या बाजूच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलंय. शिवाय २०१७ला या स्टेडियमवर भाजलेले नाकतोडे विकायला सुरुवात झाली. होय, नाकतोडे, मेक्सिकन पदार्थ, वर लिंबू आणि तिखट. ते इतके खपले, की एका सामन्याला ३१२ वाट्यांपेक्षा जास्त विकायच्या नाहीत असं ठरवावं लागलं. आकडा मार्टिनेझांच्या सरासरीवरून घेतला. माणसाच्या सन्मानार्थ नाकतोड्यांचं रेशनिंग मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

१ एप्रिलला हंगाम सुरू झाला. केळकर खालीच. मी रोज कॅलेंडरवर फुली मारत होतो, एप्रिलचा मध्य उलटला त्या दिवशी मी पेट्यांपाशी जाहीर केलं, “आता यंदा १७२ भरत नाहीत. आता त्याला कधीही वर घेतील.” बाबागाडीवाला म्हणाला, “तयार झाला की घेतील.” मी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर आमच्या शाखेत नव्या रुजू झालेल्या पोरांसाठी राखीव असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण हात शिवशिवत होते. शेवटी उठून मुलाच्या प्रिंटरमधला कागद घेतला, डावीकडे समास आखला आणि टिप्पणी लिहिली:

“विषय : श्री. जॅरेड केलेनिक, बाह्यक्षेत्र, यांना वरिष्ठ आस्थापनेवर सामावून घेणेबाबत. सादर, उपरोक्त कर्मचारी यांस वरिष्ठ आस्थापनेचा अनुभव नाही, सबब त्यांना वरिष्ठ आस्थापनेवर घेता येत नाही, असे प्रशासनाचे म्हणणे दिसते. तथापि वरिष्ठ आस्थापनेचा अनुभव वरिष्ठ आस्थापनेवरच मिळत असल्याने सदर म्हणणे पुनर्विलोकनास पात्र आहे. सन २०२० मध्ये कनिष्ठ सामने झालेच नसल्याने संबंधितांचे सामन्यातील काम पाहता आलेले नाही. मात्र न पाहिलेले काम असमाधानकारक ठरविण्यात आले आहे. डाव्या बाह्यक्षेत्रातील पद रिक्त असल्यासारखेच आहे. माजी अध्यक्षांचे रोटरी येथील भाषण नस्तीस जोडले नसल्यास जोडू नये. आदेशार्थ सादर.”

दुसऱ्या दिवशी मुलाने तिचं इंग्रजी करून पेट्यांपाशी वाचून दाखवलं. बाईंना ‘न पाहिलेले काम असमाधानकारक’ हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. भाऊसाहेबांनी विचारलं, ‘आदेशार्थ सादर’ म्हणजे काय? मुलगा अडखळला. मी म्हणालो, “म्हणजे मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणालो आहे, पण ते मी म्हणालो असं कोणी म्हणू नये.” भाऊसाहेब म्हणाले, “आमच्या कारखान्यात यासाठी वेगळा विभाग होता.”

मेमध्ये धाकटी लीग सुरू झाली. केळकर टकोम्यात सहा सामने खेळले, ०.३७०, दोन होमरन. इकडे ५ मेला मरीनर्सना आपल्याच मैदानावर बाल्टिमोरच्या जॉन मीन्सने अख्ख्या सामन्यात एकही हिट मारू दिली नाही. मग सिएटलमधल्या बाबागाडीवाल्यांचीही वाचा बसली. गुरुवार, १३ मे ही तारीख आधीच फुटली. मुलाने तिकिटं काढली. कोविडमुळे स्टेडियमवर मोजकीच माणसं, घोळक्याघोळक्याने लांब बसवलेली. शेजारच्या रुळांवरून मालगाडी जाताना इतका लांब भोंगा वाजवते, की क्षणभर मला वाटलं सामना सुटला. नाकतोडे मी मागितले नाहीत.

विरुद्ध संघ क्लीव्हलँडचा. त्या वर्षापर्यंत त्यांचं नाव इंडियन्स होतं. फलकावर ‘इंडियन्स’ वाचून ही म्हणाली, “मग आपण कोणाच्या बाजूने?” मुलगा म्हणाला, “केळकरांच्या.” तेवढ्यात केळकर मैदानात आले. सडसडीत, डावखुरे, चेहऱ्यावर उद्याच दहावीचा निकाल असल्यासारखा भाव. पाठीवर आकडा १०. मी काही बोललो नाही, पण मुलाने माझ्याकडे पाहिलं. दहा आकडा पाठीवर घालून उतरणाऱ्या पोराकडून आम्हा लोकांच्या अपेक्षा काही वेगळ्याच असतात, आणि त्या वॉकेशाच्या पोराला याची कल्पनासुद्धा नव्हती.

चार पाळ्या, एकही हिट नाही. लोगन गिल्बर्ट म्हणून आणखी एक पोरगा त्याच दिवशी पहिल्यांदाच चेंडू टाकायला उभा होता, त्यालाही मार बसला. सामना २-४ गेला. चौथ्यांदा बॅट टाकून केळकर परतले तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, “हरल्यावर टाळ्या का?” मी म्हणालो, “रुजू झाल्याचा दिवस आहे. रुजू अहवालाला टाळ्या असतात.”

दुसऱ्या दिवशी आम्ही घरीच होतो. मी बाळाला खांद्यावर घेऊन वरच्या खोलीत थोपटत होतो आणि तेव्हाच खालून मुलाची आरोळी आली. होमरन. मी बाळासकट जिना उतरेपर्यंत ते फिरवून दाखवणंही संपलं होतं. मग दोन डबल. मरीनर्स ७-३. दुसऱ्या संध्याकाळी पेट्यांपाशी भाऊसाहेब बिअर घेऊन आले, पत्र नव्हतं तरी. बाबागाडीवाल्याने मोठ्या मनाने कबूल केलं, की तो तयार होता. पोस्टाची गाडी त्या दिवशी आली होती की नाही ते कोणाला आठवत नाही.

यानंतर जे झालं ते मी भरभर सांगतो, कारण ते पाहणंही सावकाश झालं नाही. १८ मेला मरीनर्सना पुन्हा आपल्याच मैदानावर एकही हिट मिळाली नाही, या वेळी डेट्रॉइटकडून. केळकर आल्याने फरक पडला नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आधी इतर नऊ जण रिकाम्या हाताने परत यायचे, आता त्यांत तेही होते. मग सलग ३९ पाळ्यांत शून्य. एकूण ८३पैकी ८. सरासरी ०.०९६. बाईंनी हा आकडा सांगताना कुत्र्याचे कान झाकले.

आणि पेट्यांपाशी मी असं काही पाहिलं, जे सरकारात ३१ वर्षांत पाहिलं नव्हतं. आमच्याकडे माणूस बाजू बदलतो तेव्हा निदान बदली झालेली असते. इथे तीन आठवड्यांत भाऊसाहेब म्हणायला लागले, “पोराला घाईघाईने वर घेतला, वाटोळं केलं.” ‘घाई नको’ म्हणणारा बाबागाडीवाला म्हणाला, “आता आहे तिथेच ठेवा, खाली पाठवलं तर खचेल.” बाई म्हणाल्या, मेज १२ पाळ्या शून्यावर होता. भाऊसाहेब म्हणाले, १२ आणि ३९ यांत फरक आहे. बाई म्हणाल्या, “२७चा.” दोघं दोन दिवस बोलले नाहीत. मी एकटाच माझ्या जागी होतो: पोरगं तयार होतं की नव्हतं, हा प्रश्न कचेरीने कधी विचारलाच नव्हता, मग त्याचं उत्तर चुकलं असं कसं म्हणायचं?

७ जूनला केळकर परत टकोम्याला. त्याला आमच्या भाषेत ‘मूळ पदावर प्रत्यावर्तन’ म्हणतात. पेढे वाटून झाल्यावर होतं ते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमची सहा महिन्यांची मुदत संपली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं टपाल आणलं. भाऊसाहेबांनी मला मरीनर्सची निळी टोपी दिली. मी त्यांना कंदी पेढ्यांचा उरलेला अर्धा डबा. १६ जुलैला, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, केळकर पुन्हा वर आले. सिएटलच्या संध्याकाळच्या सामन्याची वेळ म्हणजे आमच्याकडे सकाळची पावणेआठ. मी चहाबरोबर मुलाचे निरोप वाचत असे. वर्षअखेर ०.१८१, होमरन १४, त्यांतले सात शेवटच्या महिन्याभरात. मरीनर्सनी ९० सामने जिंकले आणि बाद फेरी दोन सामन्यांनी हुकली. पुढच्या वर्षी हुलिओ रॉड्रिगेझ, ज्याचं इंग्रजी साहेबांनी रोटरीत काढलं होतं, त्याला पहिल्या दिवसापासून वर ठेवलं. मधल्या काळात नवा करार झाला होता: नवख्यांच्या बक्षिसात पहिल्या दोघांत येणाऱ्याला अख्खं वर्ष धरायचं, दिवस कितीही भरोत. हुलिओ पहिला आला. कारकुनाच्या हातातली पट्टी अशी एकेक इंच काढून घेतात.

आणि २०२३च्या जुलैत एका सकाळी मुलाचा फोन. मागे पेट्यांपाशी असतात तसे आवाज.

“बाबा, केळकरांचा पाय मोडला.”

ही ताक घुसळताना थांबली. त्या वर्षी केळकर चांगले खेळत होते. एप्रिलात तर ०.३००च्या वर होते. १९ तारखेला नवव्या डावात ते बाद झाले, आत येऊन त्यांनी रागाने पाण्याच्या कूलरला लाथ घातली आणि डाव्या पायाचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर रडून माफी मागितली.

“कूलर कोणाचा?” मी विचारलं.

“बाबा!”

“अरे, जडवस्तू नोंदवहीत असेल तर किंमत पगारातून वसूल होते.”

“कूलरला काही झालेलं नाही.”

“बरं. मग आता ते जखमींच्या यादीवर ना? वरच्याच आस्थापनेच्या यादीवर?”

मुलाने मागे कोणाला तरी इंग्रजीत विचारलं. भाऊसाहेबांचा आवाज ओळखू आला, त्यामागे बाईंचा.

“हो, वरच्याच.”

“मग त्या यादीवरचे दिवस सेवेत धरतात का, विचार.”

पुन्हा कुजबुज. कुत्रा एकदा भुंकला.

“बाई म्हणतात, धरतात. रोजचा एक दिवस. पगारासकट.”

मी फोन ठेवला. ही पदराला हात पुसत समोर येऊन उभी होती. “काय हो, फार लागलंय का त्यांना?”

“पाय मोडलाय,” मी म्हणालो, “पण खंड पडलेला नाही.”